पावसाळ्यानंतर ट्रॅक्टरचे नट, क्लच, इंजिन जाम? घण उचलायच्या आधी हे बघा

मुरबाड, शहापूर, पडघा, टिटवाळा या पट्ट्यात जुने ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि दिवाळीच्या आगेमागे दरवर्षी तोच फोन येतो, दादा ट्रॅक्टर जाम झालाय. जुलैत चिखलणी आटोपली की ट्रॅक्टर गोठ्याच्या कडेला लागतो तो थेट वीटभट्टीची माती ओढायची वेळ आली की बाहेर निघतो, मधल्या काळात आपल्या ठाणे जिल्ह्याचा अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस त्याच्या अंगावर. खाडीलगत, दिवा, काल्हेर, तिकडे घणसोलीच्या बाजूला हवेतच खार असतो म्हणून गंज अजून लवकर धरतो. हे सविस्तर लिहितोय कारण गंजाने जेवढं बिघडतं त्याच्यापेक्षा जास्त आपण तो सोडवताना बिघडवतो, दोनशे रुपयांचा बोल्ट सोडवायला जाऊन हाऊसिंगला (बाहेरच्या बिडाच्या कवचाला) तडा गेलेले ट्रॅक्टर माझ्याकडे येतात आणि तेव्हा फार काही करता येत नाही.

आधी लक्षणं

जाम म्हणजे नेमकं काय जाम आहे ते पहिल्यांदा ठरवा.

- पाना लावला तर नट जागचा हलत नाही, किंवा पाना कोपऱ्यावरून सटकतो.
- नट सुरुवातीला सुटतो, मग कर्रकर्र करत अर्ध्या फेऱ्यावर परत घट्ट होतो.
- क्लच पूर्ण दाबूनही गियर पडत नाही, खरखर करतो, किंवा क्लच दाबलेला असताना ट्रॅक्टर पुढे सरकतो.
- न्यूट्रलला ढकलला तरी एक मागचं चाक फिरत नाही, घासत जातं.
- सेल्फ मारला की एकच टक्क आवाज, दिवे मंद होतात, इंजिन फिरत नाही.
- इंजिन बंद करायचा नॉब ओढला तरी डिझेल पंपावरचा लिव्हर हलत नाही. हे लोक बघतच नाहीत आणि सगळ्यात धोक्याचं हेच आहे, याच्यावर खाली लिहिलंय.

या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. टक्क आवाज आला म्हणून इंजिन जाम धरून हेड उघडायला घेतलेले लोक बघितलेत, निघालं काय तर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा थर.

पैसे न लागणारी तपासणी

नट हलत नाही तर पहिला प्रश्न, आपण त्याला योग्य दिशेला फिरवतोय का. टॉप लिंकच्या (मागे अवजार जोडायच्या वरच्या दांडीच्या) एका टोकाला सरळ आटे असतात आणि दुसऱ्या टोकाला उलटे, स्टिअरिंगच्या टाय रॉडलाही बऱ्याच ठिकाणी तसंच. पडघ्याकडच्या एका काकांनी टॉप लिंकच्या उलट्या आट्याच्या टोकाला लांब पाईप लावून दोन माणसं लटकवली होती, आवळतच चालले होते बिचारे. मी ब्रशने साफ करून त्यांना आट्याचा उतार कुठल्या बाजूला जातोय तो दाखवला, मग तेल सोडून उलट बाजूने फिरवला तसा सुटला. म्हणून आधी तारेचा ब्रश घ्या, बाहेर दिसणारे आटे चकचकीत होईपर्यंत घासा. उतार दिसतो, आणि दुसरा फायदा असा की त्या बाहेरच्या आट्यांवरचा गंज आणि रंग नट बाहेर येताना त्याच्यात अडकत नाही.

मग बघा कुठे स्प्लिट पिन आहे का, वॉशरचा कान नटावर दुमडलाय का, बाजूने छोटा ग्रब स्क्रू आहे का. चिखल आणि ग्रीसचा थर एवढा असतो की पिन दिसतच नाही. पिन आत असताना जोर लावला तर नट सुटणार नाही, पिन किंवा आटा तुटेल.

पाना बघा. जुन्या ट्रॅक्टरवर, विशेषतः बी-२७५ सारख्या ब्रिटिश डिझाइनवरून आलेल्या मॉडेलवर, बरेच नट इंची मापाचे असतात. १९ चा पाना पाऊण इंचाला चालतो कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. पण अर्धा इंच म्हणजे १२.७, त्याला १३ चा लावला की ढिला बसतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे पहिल्याच झटक्यात गोल होतात. ९/१६ ला तर १४ बसत नाही आणि १५ लोळतो. जाम नटाला दोन तोंडी पाना लावूच नका, रिंग पाना किंवा गोटी (सॉकेट), आणि गोटी घ्याल तर सहा कोनाची, बारा कोनाची कोपऱ्यावर धरते. सुती म्हणजे इंची मापाच्या पान्यांचा सेट भिवंडी, कल्याणला जुन्या बाजारात स्वस्तात मिळतो, एकदा घेऊन ठेवा.

तेल, आणि त्याला दिलेला वेळ

गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून नट आणि बोल्टच्या मधली जी बारीक फट असते ती भरून जाते आणि दोघं एकमेकांत पाचर मारल्यासारखे घट्ट बसतात. तेलाचं काम त्या फटीत शिरायचं. गाढं इंजिन ऑइल शिरत नाही, पातळ लागतं. हार्डवेअरच्या दुकानात गंज सोडवायचे स्प्रे मिळतात, डब्ल्यूडी-४० तर सगळीकडे मिळतं, हलक्या गंजाला पुरतं. जुनाट गंजाला आम्ही ॲसिटोन आणि पॉवर स्टिअरिंगचं एटीएफ तेल अर्धं अर्धं मिसळून वापरतो, दोन्ही एकत्र राहत नाहीत म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवून घ्यायची. ॲसिटोन पटकन पेटतं, विडी, वेल्डिंग, गॅस काहीही जवळ नको आणि उघड्यावरच वापरायचं.

आता मुख्य गोष्ट, लोक तेल मारतात आणि दहा मिनिटांत पाना लावतात. संध्याकाळी मारा, सकाळी परत मारा, दुसऱ्या संध्याकाळी परत, आणि प्रत्येक वेळी नटाच्या माथ्यावर आणि सहाही बाजूंवर हातोडीने टुकटुक ठोके द्या. मोठा घण नको, अर्धा किलोची हातोडी बास, एक हातोडी मागे आधाराला धरून दुसरीने मारलं तर अजून चांगलं. ठोक्याने गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल त्याच्यातून आत जातं. कान देऊन ऐका, पक्का जाम असलेला नट टणटण वाजतो, गंज सुटायला लागला की आवाज थोडा बसका होतो. हा फरक एकदा ओळखू आला की पाना कधी लावायचा ते विचारायला लागत नाही.

आणि पाना लावल्यावर आधी आवळायच्या दिशेला किंचित जोर द्या, मग सोडायच्या. एक टिचभर जरी हलला तरी लगेच सगळा सोडायला जाऊ नका. पाव फेरा सोडा, परत आवळा, तेल, परत सोडा. आट्यातून तपकिरी चिखलासारखं पाणी बाहेर येतं, ते पुसून परत तेल. तोच गंज आत दळला गेला तर आट्यांची धार खातो आणि मधेच परत जाम होतो, बोल्ट जास्त करून अशा वेळीच तुटतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो, सुटला म्हणून खूश होऊन जोरात फिरवू नका, बोल्ट हातात पिळल्यासारखा मऊ लागला तर थांबा, तो सुटत नाहीये, पिळला जातोय.

छोटे सुटे भाग, केज व्हीलच्या (चिखलणीच्या लोखंडी चाकांच्या) पिना, लिंकेजचे गोळे, हुकाची पिन, हे सोड्याच्या पाण्यात १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरने साफ करता येतात. प्लास्टिकचा टब, पाण्यात धुण्याचा सोडा, चार्जरचा निगेटिव्ह गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडाच्या टाकाऊ पट्टीला. स्टीलची म्हणजे स्टेनलेसची पट्टी अजिबात लावायची नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून अंगणात, उघड्यावर, आणि चार्जर बंद करूनच हात घालायचा. ॲल्युमिनियमचा भाग यात टाकू नका, खाऊन जाईल.

क्लच चिकटला असेल तर

आपल्याकडे हा सगळ्यात जास्त येतो. पावसात फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या तोंडावर गंज चढतो आणि क्लच प्लेटचं लायनिंग दमट होऊन त्याला चिकटून बसतं. पण आधी पेडल बघा, पेडलची फ्री चाल किती आहे, आणि खाली लिंकेजची पिन गंजून पेडल अर्ध्यातच अडकतंय का. ती पिन सोडवून ग्रीस केलं की कधी कधी काम तिथेच संपतं.

नसेल तर पेडल पूर्ण दाबून लाकडी ठोकळा लावून रात्रभर, दोन रात्री तसंच ठेवा. काही वेळा नुसत्या ताणाने सुटतं. नाही सुटलं तर मोकळं, सपाट शेत बघा, समोर माणूस, गुरं, विहीर, बांध काही नको. मागे अवजार, ट्रॉली नको. न्यूट्रलला इंजिन वीसेक मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, टॉपचा गियर टाका, दोन्ही ब्रेकची पेडलं एकमेकांना जोडणारी पट्टी लावा (ती नाही लावली तर एकच चाक अडेल आणि ट्रॅक्टर गर्रकन वळेल), क्लच दाबून सेल्फ मारा. ट्रॅक्टर लगेच चालायला लागेल, क्लच दाबलेलाच ठेवून ब्रेक झटक्याने दाबा, सोडा, दाबा. बहुतेक वेळा ठाक् करून सुटतो.

ज्या ट्रॅक्टरला गियरमध्ये सेल्फ न लागायचा स्विच आहे तिथे खाली उभं राहून स्क्रूड्रायव्हरने सेल्फचे टर्मिनल जोडायचे नाहीत. मी हे कुणाला करू देत नाही. गियरमध्ये असलेला ट्रॅक्टर चालू झाला की मागचं चाक उभ्या माणसावरून जातं, पळायला वेळ मिळत नाही. तिथे मेकॅनिकला बोलवा. आणि वरचा उपाय दोन-तीनदा करून नाही सुटला तर थांबा, ट्रॅक्टर मधून दोन भागांत उघडावा लागतो, गियरबॉक्स आणि इंजिन वेगळं करायला स्टँड, ट्रॉली, क्रेन लागते, घरच्या जॅकवर हे काम होत नाही.

ब्रेक शू ड्रमला चिकटले असतील तर ॲडजस्टर पूर्ण ढिला करा आणि ड्रमच्या कडेने फिरत फिरत हलके ठोके द्या. धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसा. चाक वर घेतलं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही, ॲक्सलखाली जाड लाकडी ठोकळे हवेत.

गरम करणं

तेल, ठोके, वेळ सगळं देऊन झालं तरच गॅस. गरम नटाला करायचं, बोल्टला नाही, कारण नट फुगला की त्याचं भोक मोठं होतं. किती मोठं, तर २० मिलिमीटरच्या भोकाचा नट ३०० अंशांनी तापवला की भोक साधारण ०.०७ मिलिमीटरने वाढतं. एवढंच, पण गंजाची पकड तुटायला तेवढं पुरतं. लाल करायची गरज नसते. थोडा निवू द्या, मग आट्यावर साधी मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यात ओढलं जातं, परत पाना लावा. बाहेर फारशी कुणी वापरत नाही पण एक्झॉस्टच्या नटांना मेणबत्तीसारखं काही नाही.

गरम कुठे करायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. टायर चढवलेल्या रिमवर, व्हील बोल्टवर गॅस लावायचा नाही. हवा काढलेली असली तरी नाही. आतलं रबर तापून गॅस होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो, माणसं मेलीत याने. टायर रिमवरून पूर्ण उतरवा, मग बघा. डिझेल टाकी, पाईप, हायड्रॉलिक होज, तेलाचं सील यांच्या जवळ नाही. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर अजिबात नाही, काही क्लीनरमध्ये क्लोरीन असतं आणि ते तापलं की विषारी वायू होतो. बिडाच्या हाऊसिंगवर एकाच जागी ज्योत धरायची नाही आणि तापलेल्या बिडावर पाणी ओतायचं नाही, तडा ठरलेला. आणि लाल झालेला हायटेन्साइल बोल्ट परत वापरायचा नाही, त्याचं पाणी म्हणजे कडकपणा उतरलेला असतो, दिसायला चांगला दिसला तरी फेकून द्या.

बोल्ट तुटला, स्टड आत राहिला, तर घरी इझी-आऊट (तुटलेला स्टड काढायचं हत्यार) ठोकू नका. ते फार कडक असतं, आत तुटलं की ड्रिलही चालत नाही. स्टडचा थोडा भाग बाहेर असेल तर चांगला वेल्डर त्याच्यावर नट वेल्ड करून काढतो, वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी काढा. पृष्ठभागाच्या आत तुटला असेल तर भाग काढून मशीन शॉपला न्या, वागळे इस्टेट, रबाळे, डोंबिवली एमआयडीसीत अशी कामं करणारे आहेत.

इंजिन जाम

पहिला प्रश्न, उभं राहून जाम झालं की चालताना बंद पडून. चालताना पाणी संपून, तेल संपून तापून अडकलं असेल तर तेल ओतून उपयोग नाही, पिस्टन किंवा बेअरिंग घासून चिकटलंय, उघडावंच लागेल, फिरवायचा प्रयत्न करू नका.

उभं राहून झालं असेल तर बॅटरी, टर्मिनल बघा, मग बॅटरीची वायर काढून सेल्फ उतरवा. सेल्फचा दात फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकलेला असतो कधी कधी. मग डिपस्टिक बघा, तेल दुधाळ असेल किंवा पातळी वर आली असेल तर पाणी शिरलंय. पुरात बुडालेल्या ट्रॅक्टरला, २००५ ला किंवा २०१९ ला उल्हास नदीने बदलापूर-वांगणीकडे जे केलं तसल्या पाण्यात गेलेल्याला, चेंबरचा (इंजिनच्या खालच्या तेलाच्या भांड्याचा) बोल्ट हळूच ढिला करा, पाणी जड म्हणून आधी पाणीच येतं. सिलेंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला किंवा ओढून चालू केला की पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढल्याशिवाय फिरवायचं नाही.

जाम ट्रॅक्टरला दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करायला लावतात, ते नको. रिंगा तुटतात, लायनर ओरखडतो, जे काम तेलावर झालं असतं त्याला पूर्ण किट लागतं.

नोझल काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं डिझेल आणि पातळ तेल ओता, रोज बघा, कमी झालं तर भरा. आठवडा, दोन आठवडे लागू देत. मग फ्लायव्हीलच्या दातांवर सेल्फच्या भोकातून लिव्हर लावून पुढे-मागे, पुढे-मागे, झटका न देता. केसभर हललं तरी तिथेच मागे-पुढे करत राहा, तेल टाकत राहा. दोन्ही बाजूंनी ठरावीक जागीच येऊन अडत असेल तर गंजलेला पिस्टन नसून वाल्व्ह चिकटलाय किंवा काहीतरी पडलंय, टॅपेट कव्हर काढून बघा, वाल्व्ह वर राहिलाय का, पुशरॉड वाकलाय का. त्यावर जोर लावू नका. दोन आठवड्यांनी काहीच हललं नाही तर हेड उघडणाऱ्या मेकॅनिककडे द्या.

फिरायला लागलं तर लगेच चालू करू नका. आतलं ओतलेलं डिझेल-तेल हाताने फिरवून नोझलच्या भोकातून बाहेर काढा, समोर तोंड नेऊ नका. चेंबरचं तेल आणि फिल्टर बदला. मग पंप. डिझेल पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) गंजून फुल डिझेलवर अडकला असेल तर इंजिन चालू होताच वेग वाढत जातो आणि नॉब ओढून बंद होत नाही, स्फोट झाल्यासारखं फुटतं. बंद करायचा लिव्हर हाताने पूर्ण हलतोय आणि सोडला की मागे येतोय, हे बघितल्याशिवाय सेल्फ मारू नका. पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाईप काढून शेजारी एका माणसाला जाड फळी घेऊन उभं करा, वेग हाताबाहेर गेला तर हवेचं तोंड फळीने बंद करायचं, हाताने किंवा कापडाने नाही. लिव्हर अडकत असेल तर तेल मारून भागवू नका, पंप आणि नोझल डिझेल पंपवाल्याकडे द्या, ते काम टेस्ट बेंचवरच होतं.

जोडताना आणि परत उभा करताना

नवीन बोल्ट लावताना आट्यांना कॉपर अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) किंवा निदान ग्रीस लावा, पुढच्या वर्षी हातानेच सुटेल. ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरात जास्त आवळला जातो म्हणून पाईप लावून आवळायचा नाही. व्हील नट मात्र कोरडे आणि स्वच्छ ठेवायचे, आणि पहिल्या दिवसाच्या कामानंतर परत आवळून बघायचे. चिखलणी झाली की केज व्हील काढा, चिखल धुवा, पिनांना ग्रीस.

उभ्या सायलेन्सरवर डबा उपडा घाला, इंजिन जाम व्हायचं निम्मं कारण तिथून जाणारं पाणी आहे. क्लचला ठोकळा लावून ठेवा. उघडीप मिळेल तेव्हा पंधरा दिवसांनी एकदा डबा काढून इंजिन गरम होईपर्यंत चालवा, गियर टाकून चार पावलं पुढे-मागे घ्या. आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा, डबा लावलाय, क्लचला ठोकळा आहे, कारण घरातलं दुसरं कोणीतरी येऊन न बघता चावी फिरवतं.